काकांच्या कानाआड वाटलेला पाला

माझी काकू रंगाच्या दुकानात छटा जुळवण्याचे काम करते. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा पोपडा कागदात गुंडाळून आणते. काकू तो खिडकीपाशी नेते, उजेडात धरते, नखाने जरा खरवडते, आणि पांढऱ्या रंगाच्या डब्यात पिवळ्याचे थेंब, काळ्याचा ठिपका असे करत करत नवी भिंत जुन्या भिंतीची जुळी बहीण करून देते. एकदा एक बाई पोपडाही न घेता आल्या. शेजारणीच्या दाराचा रंग हवा होता, पण शेजारणीला विचारायचे नव्हते. काकूने एवढेच विचारले, “दार सकाळी पाहिलंत की संध्याकाळी?”

“चोरून पाहिलं,” बाई म्हणाल्या.

“मग घाईत जरा गडद दिसलं असेल,” असे म्हणून काकूने छटा एक पायरी फिकी केली. ती दोन्ही दारे आजही समोरासमोर उभी आहेत. दोन्ही घरांत बोलणे बंद आहे.

घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींवर मी सहसा विसंबत नाही. सांगणाऱ्यागणिक त्यांना फांद्या फुटतात. पुढील हकीकत मात्र मी काकूकडून, शेजारच्या शिंपीणबाईंकडून आणि रक्तपेढीतल्या परिचारिकेकडून स्वतंत्रपणे ऐकली आहे. तिघींना एकमेकींसमोर बसू दिले नाही. जिथे त्यांचे म्हणणे जुळत नाही, तिथे तसे नमूद केले आहे. चौथे साक्षीदार काका. ते याविषयी बोलत नाहीत, नुसते मिशीत हसतात, आणि हसणे हा पुरावा धरता येत नाही.

काका मोटारी दुरुस्त करतात. पाण्याचे पंप, पंखे, मिक्सर, ज्याच्या पोटात तांब्याची तार गुंडाळलेली आहे ते सगळे. घराची पुढची खोली म्हणजे त्यांची कार्यशाळा, मागे स्वयंपाकघर, मध्ये फळ्यांची पातळ भिंत. यंत्र उघडण्याआधी ते त्याला कान लावतात, आणि उघडल्यावर सहसा तेच सापडते जे त्यांनी आधी सांगितलेले असते. स्वभावाने मात्र महाचिक्कू. कुणी पाना मागायला आले की दारातच म्हणतात, “पाना मिळणार नाही. हवं तर रक्त घेऊन जा.”

हे नुसते बोलणे नव्हते. तरुणपणापासून ते नेमाने रक्तदान करत आले होते. कुणासाठी, का, हे विचारले तर म्हणत, “शरीरात एकच गोष्ट फुकट तयार होते, ती वाटली तर बिघडलं कुठं?” रक्तपेढीतला खिडकीजवळचा पलंग त्यांना आपला वाटे. तिथल्या नियमाप्रमाणे पासष्टी उलटली की रक्त घेत नाहीत, आणि काकांची पासष्टी त्या वर्षी जवळ येऊन ठेपली होती. शेवटचे एकदा देऊन यावे म्हणून ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. परिचारिकेने बोट टोचले, थेंब निळ्या पाण्यात सोडला. रक्त पुरेसे कसदार असेल तर थेंब तळाला जातो. काकांचा थेंब वर तरंगत राहिला, जणू पोहायला आला होता.

“या वेळी नाही घेता येणार, काका,” परिचारिका म्हणाली. “लोह कमी आहे. पालेभाज्या खा, फळं खा. आणि खाल्ल्या खाल्ल्या चहा पिऊ नका, खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. वाढदिवसाच्या आधी एकदा या, पुन्हा बघू.”

काका घरी आले ते थेट मोटारीत तोंड खुपसून बसले. संध्याकाळी काकूला एवढेच म्हणाले, “इतकी वर्षं गेलो, आणि शेवट काय, तर परत पाठवला. असा शेवट नको गं.”

काकूच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर त्यांनी ‘नको गं’ असे पहिल्यांदाच म्हटले. तोवर फक्त ‘नको’ असे.

उपाय सोपा होता आणि म्हणूनच अशक्य होता. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी काकांचे पोट संपावर गेले. उरला पाला. आणि पाला या विषयावर काकांची मते साऱ्या गल्लीला तोंडपाठ होती. “पाला हे शेळीचं जेवण. मी शेळीचं खाल्लं, तर शेळीनं काय माझी मोटार खायची?” पानातली भाजी ते बोटाने अशी बाजूला सारत, जणू तिला कुणीतरी चुकून पुढच्या रांगेत बसवले आहे. त्यात भर म्हणजे, परिचारिकेचा सल्ला त्यांनी स्वतःच घरात सांगितला होता आणि पुढे म्हणाले होते, “फळं खाईन. पाला खाल्ला तर मला गोठ्यात बांधा.”

काकूने ते वाक्य पूर्ण ऐकले आणि त्यातला पहिला अर्धा भाग उचलला. दुसऱ्या दिवशी तिने स्मूदी केली.

पहिला प्रयत्न प्रामाणिक होता, म्हणजे फसणारच होता. पालकाची मूठभर पाने, केळे, संत्र्याचा रस. ग्लास समोर आला तेव्हा काका त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

“हे प्यायचं की भिंतीला लावायचं?”

“फळं आहेत हो.”

“फळांना शेवाळ कधीपासून धरायला लागलं? डबकं आहे हे. बेडूक तेवढा वेगळा वाढ.”

काकूचा अपमान झाला तो बायको म्हणून नव्हे, रंगवाली म्हणून. हिरवा लपवता येत नाही असे नवऱ्याने म्हणावे? तिने शांतपणे विचार केला. हिरव्यात आंब्याचा केशरी घातला तर चिखली रंग येतो. लाल घातला तर तपकिरी. तो त्याहून वाईट. हिरव्याला गिळायचे असेल तर त्याच्यापेक्षा खोल काहीतरी हवे. तिने काळी द्राक्षे आणली, गोडीला खजूर घेतले, आणि असा जांभळा रंग काढला की त्यात पालक होता हे पालकालाही पटले नसते. दुकानातल्या छटांच्या पुस्तकात जशी नावे असतात तसे तिने त्याचे मनातल्या मनात नावही ठेवले, ‘मखमली सांज’.

ती ग्लास घेऊन पुढच्या खोलीत गेली. काका पंख्याचे पाते पुसत होते. मानही वर न करता म्हणाले, “पाला घातलास.”

“बघा तरी आधी!”

“बघायचं काय त्यात? ऐकलं ना. फळ वाटताना मोटार गुरगुरते. पाला पडला की आधी शीळ घालते, कारण पानं वर चिकटतात आणि खाली पाती रिकामी फिरतात. मग पान खाली आलं की खाकरते. आत्ता शीळ झाली, खाकरणं झालं. ने ते.”

मखमली सांज काकूनेच प्यायली. उत्तम झाली होती, असे ती सांगते. याला दुसरा साक्षीदार नाही.

डोळ्यांना फसवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण हा माणूस कानाने बघत होता. तेव्हा पाला त्याच्या कानाआड वाटणे भाग होते. दोन घरे सोडून शिंपीणबाई राहत. त्यांच्या मिक्सरला या कटात ओढायचे ठरले. शिंपीणबाईंनी अट घातली नाही, किंमत मागितली नाही, नुसते डोळे मिचकावून विचारले, “वहिनी, भाऊजींना फसवायचं ना? मग मी पाल्याबरोबर मीठसुद्धा वाटून देते.”

अडचण एकच. रोज सकाळी काकू शिंपिणीकडे कशाला जाते, याला कारण हवे. कारण म्हणून काकांची पँट निवडण्यात आली. पँटेच्या घडीत पाल्याचा डबा ठेवला की दिसत नाही, आणि पँट शिंपिणीकडे जाणे यात कुणाला काही वावगे वाटत नाही. पण शिंपीणबाई कामाला चोख. पँट आली म्हणजे तिला हात लागलाच पाहिजे. नुसती परत पाठवली आणि भाऊजींनी शिवण पाहिली तर? म्हणून त्या एका दिवशी कंबर आत घेत, दुसऱ्या दिवशी सैल सोडत, कधी तळ उसवून पुन्हा दुमडत.

घरी आल्यावर काकू दुसरा अंक करी. स्वतःच्या मिक्सरमध्ये फक्त केळे, द्राक्षे, खजूर घालून तो मुद्दाम जास्त वेळ चालवी. मोटार निष्पापपणे गुरगुरे. मग शिंपिणीकडचा हिरवा रस त्यात ओतून चमच्याने ढवळी, कारण चमच्याला शीळ घालता येत नाही. काका ग्लास उचलून म्हणत, “आता कसं! फळाला फळासारखं राहू दिलं की झालं.” आणि घटाघटा पीत.

मग चहा मागत. काकूची एक सबब ठरलेली नव्हती. दूध उतू गेलेय, गॅस संपत आलाय, किटली घासायला टाकलीय. चहा मिळे तो दुपारी.

या काळात काकांच्या वागण्यात एक चमत्कारिक बदल झाला. ते वरचेवर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात वजनकाट्यावर उभे राहू लागले. काटा हलत नसे. घरी येऊन म्हणत, “काटा बिघडलाय. सोमवारी पँट गळत होती, म्हणजे वाळलो. आज बटण लागत नाही, म्हणजे भरलो. रक्तच भरत असणार. रक्त जड असतं.” काकू तोंडाला पदर लावून खोकू लागे. शिंपीणबाईंचे म्हणणे असे, की त्यांनी यानंतर कंबर मुद्दाम आवळायला सुरुवात केली, कारण ‘भाऊजींना हुरूप येतो’. काकू हे नाकारते. मला शिंपीणबाईंचे खरे वाटते. असल्या गोष्टीत त्यांचा हात थांबल्याचा दाखला नाही.

वाढदिवसाला थोडे दिवस उरले असताना कट उघडा पडला, आणि तो ज्या जागी उघडा पडला त्याहून वाईट जागा शोधून सापडली नसती.

एका सकाळी शिंपीणबाईंना गिऱ्हाइकाची घाई होती. त्यांनी पानांचे देठ न काढता, पाणी न घालता, वर खजूर आणि गोठवलेल्या अननसाचे दगड टाकून मिक्सर सुरू केला आणि त्या बाही जोडायला गेल्या. जळका वास आला तेव्हा त्यांना आधी वाटले, इस्त्री. मिक्सर गेला होता. शिंपीणबाई घरात काहीही फेकत नाहीत, दुरुस्त करून घेतात. आणि दुरुस्तीला कुठे जायचे हा प्रश्न त्यांना आयुष्यात कधी पडलेलाच नव्हता. काकू दुकानात गेलेली. त्यांनी भांडे लख्ख घासले, मिक्सर उचलला आणि तो थेट काकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. पुढे मला म्हणाल्या, “भांडं घासलं होतं रे! मला काय ठाऊक, पात्याखालीसुद्धा घर असतं?”

काकांनी पाते सोडवले. त्याच्या दांड्याला, पात्याच्या खालच्या अंगाला, हिरव्या देठांची दोरी घट्ट गुंडाळली गेली होती, रिळावर दोरा गुंडाळावा तशी. काकांनी ती चिमट्याने उलगडली, नाकाशी नेली.

“शिंपीणबाई, काय वाटत होतात?”

“पाला. केसांना लावायला.”

“हं. अननसाचा वास येतोय.”

“चमक येते, भाऊजी.”

“आणि खजूर?”

“पोषण!” शिंपीणबाई म्हणाल्या, आणि शिलाई मशीन चालू राहिली असे सांगून पळाल्या.

काकांनी देठ टेबलाच्या कडेला ठेवले आणि पुढचा पंप उघडला. दुसऱ्या सकाळी काकू पँटेची घडी हातात घेऊन टेबलावरच्या मिक्सरकडे बघत उंबऱ्यापाशी घुटमळताना त्यांनी पाहिले, आणि त्यांना उलगडा झाला. असा उलगडा झाला की काही माणसे रागावतात. काका लहान मुलासारखे खूष झाले. इतके दिवस बायकोने नाटक केले. आता त्यांची पाळी.

मिक्सर तसाच टेबलावर पडून राहिला. “झाला का हो शिंपिणीचा?” काकू सहज विचारल्यासारखे विचारी.

“तार नाही मिळत त्या मापाची.”

“बिचारीची अडचण होत असेल.”

“होईल ना. केस गळायला लागले असतील.”

काकू घाईने स्वयंपाकघराकडे वळे. पण स्वतःच्या मिक्सरमध्ये पाला घालण्याची सोय नव्हती, कारण भिंतीपलीकडे कान जागा होता. सकाळचा ग्लास आता नुसत्या फळांचा येऊ लागला. काका तो प्यायले, ओठ पुसले आणि म्हणाले, “आज काहीतरी कमी वाटतंय गं.”

“काय कमी?”

“काय ते तुलाच ठाऊक.”

त्यांना ही मजा एवढी आवडली, की तिची किंमत कोण देतेय हे लक्षात यायला वेळ लागला. ते लक्षात आले दाढी करताना. आरशात पापणी खाली ओढून त्यांनी आतला रंग पाहिला, तर तो फिका वाटला. रक्त कमी असल्याची ही खूण परिचारिकेने त्यांना सांगितली होती. दिवस मोजकेच उरले होते, आणि मिक्सर अडवून ते दुसऱ्या कुणाचा नव्हे, स्वतःचाच पाला अडवत होते. दुरुस्त करावा, तर जाणूनबुजून शेळीचे जेवण जेवल्यासारखे होणार, आणि कुणी कधी विचारले तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय जाणार. न करावा, तर थेंब पुन्हा तरंगणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटारी अडकल्या की सोडवणारा माणूस दाढीचा फेस गालावर घेऊन तसाच उभा राहिला.

दुपारपर्यंत मिक्सरला नवी तार गुंडाळून झाली होती. तार कपाटातच होती. काका मिक्सर स्वतः उचलून शिंपीणबाईंकडे गेले. काकू योगायोगाने तिथेच बसलेली होती. योगायोग हा शब्द तिचा.

काका मिक्सर ठेवत म्हणाले, “घ्या. आणि ऐका. केसांचा पाला वाटताना आधी पाणी, मग पानं. पानांचे देठ काढायचे. पानं पार विरली की मग फळ. गोठलेलं काही असेल तर ते सगळ्यात शेवटी, थोडं थोडं. नाहीतर मोटार पुन्हा जाईल.”

“बरं, भाऊजी.”

“पालक एकटाच नको. माठ घाला थोडा. वर संत्रं पिळा.”

“केसांना?” शिंपीणबाईंनी विचारले. त्यांना राहवत नाही.

“केसांनाच तर,” काका म्हणाले. दारापर्यंत जाऊन वळले. “आणि माझ्या पँटेवर आता दया करा. काल पंपावर वाकलो तर शिवणीनं गिऱ्हाइकाला सलाम ठोकला.”

ते गेल्यावर दोघी किती वेळ हसल्या याविषयी एकमत नाही. काकू म्हणते, ती हसली नाही, तिला रडू आले. शिंपीणबाई म्हणतात, दोन्ही झाले, आणि त्यांनी ते पाहिले आहे.

त्यानंतरही घरात सगळे पूर्वीसारखेच चालू राहिले. काकू पँट नेई, पण आता ती न उसवता परत येई. घरचा मिक्सर निष्पापपणे गुरगुरे. काका म्हणत, “फळाला फळासारखं राहू दिलं की झालं,” आणि भिंतीकडे पाहत ग्लास रिकामा करत. चहा त्यांनी स्वतःच दुपारवर ढकलला. म्हणाले, सकाळच्या चहाने हात थरथरतो. एकदाही पाला हा शब्द कुणी उच्चारला नाही.

इथे एक खुलासा मला आवश्यक वाटतो. पालकाच्या लोहाची ख्याती त्याच्या कर्तृत्वापेक्षा मोठी आहे. शरीर त्यातले थोडेच उचलते. संत्र्याच्या आंबटपणाने ते जरा अधिक उचलले जाते, आणि जेवणावरचा चहा थांबल्याने आणखी थोडे. यांतल्या कशाने किती काम केले हे ठरवण्याचे साधन माझ्यापाशी नाही. काकूला विचारले तर ती श्रेय पाल्याला देते, शिंपीणबाई स्वतःला.

वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात काका रक्तपेढीत गेले. या वेळी काकू बरोबर होती. परिचारिकेने बोट टोचले आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला. थेंब पाण्यात शिरला, अर्ध्यावर गेला आणि थांबला. काका छताकडे पाहू लागले. काकू वाकून बघत राहिली. गिऱ्हाइकासमोर डब्यातला शेवटचा ठिपका टाकल्यावर ती अशीच बघते. थेंब जरा डगमगला, जणू खाली जावे की नाही यावर घरात कुणाशी बोलून घेत होता. मग संथपणे तळाला जाऊन बसला.

“बुडाला,” परिचारिका म्हणाली. “छान! काय खाल्लंत एवढं?”

काका बाही वर सरकवत म्हणाले, “हिला विचारा. मी फक्त ऐकत होतो.”

खिडकीजवळचा पलंग रिकामा होता. सुई लागली, नळी भरली, पिशवी हळूहळू फुगू लागली. मग काकांनी काकूला बोटाने जवळ बोलावले आणि परिचारिकेला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण तिला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारले, “तुझी नजर चोख. उजेडात धरून बघ बरं. हिरवट झाक नाही ना आली?”

काकूने पिशवीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, डोळे बारीक करून पुन्हा पिशवीकडे पाहिले.

“किंचित आहे,” ती म्हणाली. “वाळल्यावर दिसणार नाही.”

“हसू नका हो,” परिचारिका ओरडली, “सुई हलते!”

पण तोवर पलंगच हलू लागला होता.